सात पेडलं, एक अडॅप्टर आणि बसलेला आवाज

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची सात पेडलं जमली आहेत: जुन्या पद्धतीचं वाह (पाय हलवला की ‘वा-वा’ करणारं), सूर लावायचा ट्यूनर, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज खरखरीत फाडणारा), ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या जातीचा ओव्हरड्राइव्ह (त्याहून सौम्य फाडणारा), आवाज दाट करणारा कोरस, प्रतिध्वनी देणारा डिजिटल डिले आणि घुमारा देणारा रिव्हर्ब. याच क्रमाने जोडली आहेत, आणि सगळ्यांना ५०० मिलिअँपिअरच्या एकाच अडॅप्टरवरून, एकातून एक फुटणाऱ्या वायरीने वीज जाते. तक्रारी चार. सगळी पेडलं बंद असतानाही आवाज बसका येतो, गिटार थेट अँपला जोडली की खुलतो. फझ चिरका वाटतो आणि गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवला तरी निवळत नाही. ओव्हरड्राइव्ह दाबला की मागे बारीक शिट्टी वाजते. आणि फझची बॅटरी काढून त्याला अडॅप्टरची पिन लावली, तेव्हा सगळ्याच पेडलांचे दिवे गेले. त्यावर विचारलंय की बफरवाली पेडलं (बंद असतानाही सिग्नलला दम देणाऱ्या सर्किटमधून नेणारी) विकून सगळी ट्रू बायपास (बंद असताना सिग्नलला हात न लावणारी) घ्यावीत का, आणि पेडलं बसवायचा बोर्ड केवढा घ्यावा. अँप कायम स्वच्छ चॅनेलवर असतो असं लिहून त्याच्या इफेक्ट्स लूपचाही, म्हणजे अँपच्या आतल्या साखळीत मध्येच पेडलं जोडायच्या जॅकांचाही, उल्लेख केलाय.

काहीही विकू नका. चारही तक्रारींचं मूळ तुमच्या प्रश्नातच आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन तर एकाच अदलाबदलीने जातील.

पेडलांच्या क्रमाचे तक्ते पुष्कळ फिरतात: आधी हे, मग ते. ते पाठ करू नका. एकच गोष्ट लक्षात ठेवा, की कुठल्याही पेडलला दोनच गोष्टी कळतात. आपल्याला सिग्नल कोण देतंय आणि आपल्याकडून तो कोण घेतंय. गिटार तुमची आहे की माझी, बोर्ड केवढा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून प्रत्येक जोडापाशी थांबून विचारायचं, की देणारा किती दमाचा आहे आणि घेणारा किती ओढतोय?

यात सगळ्यात कमी दमाचा म्हणजे गिटारचा पिकअप, तारांखालचा तो आवाज पकडणारा भाग. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, त्यातून येणारा सिग्नल अगदी नाजूक. त्याच्यावर कुणी जरा भार टाकला की आधी वरचे सूर जातात, म्हणजे तारेची ती खणखणीत धार. आता तुमच्या साखळीत पिकअपपुढे पहिलं कोण आहे? वाह. जुन्या वाहमध्ये जो स्विच असतो तो फक्त बाहेर जाणारी बाजू बदलतो. आत येणारा सिग्नल स्विच बंद असतानाही वाहच्या सर्किटला चिकटलेलाच राहतो, आणि त्या सर्किटचा इनपुट इंपिडन्स (तो जितका कमी, तितकं सर्किट जास्त ओढतं) असतो साधारण १०० किलोओहमच्या घरात किंवा त्याहून कमी. अँपचा असतो सहसा १ मेगाओहम. म्हणजे तुम्ही वाह वापरा किंवा नका वापरू, पिकअप दिवसभर ते ओझं वाहतोय. खात्री करायला वाह साखळीतून पूर्ण काढा, गिटार सरळ ट्यूनरला लावा आणि सगळं बंद ठेवून वाजवा. आवाज उघडला पाहिजे.

आता फझ. फझ फेस या गाजलेल्या पेडलसारखं सर्किट १९६६ सालचं. त्या काळी गिटार आणि फझ यांच्यामध्ये फार तर एखादं वाह असायचं, म्हणून हे सर्किट पिकअपशी थेट बोलणार हे गृहीत धरूनच बसलंय. त्याचा इनपुट इंपिडन्स फारच कमी, त्यामुळे तो पिकअपवर भार टाकतो, आणि गंमत अशी की इथे तो भारच आपल्याला हवा असतो. पिकअप, गिटारवरचा व्हॉल्यूमचा पॉट आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर मिळून एकच सर्किट बनतं. व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की फझ वितळून जवळजवळ स्वच्छ, काचेसारखा आवाज देतो. पण मध्ये बफर आला, की फझला समोर पिकअप दिसतच नाही, दिसतो तो भक्कम, लो इंपिडन्सचा सिग्नल. मग तो चिरकतो आणि व्हॉल्यूमचं ऐकत नाही. तुम्ही वर्णन केलंत अगदी तसं. म्हणजे तुमच्या ट्यूनरमध्ये बफर आहे.

हा बफर आला कुठून? १९७७ मध्ये बॉस या कंपनीने छोटी कॉम्पॅक्ट पेडलं काढली, त्यात खटक्याचा यांत्रिक स्विच न वापरता इलेक्ट्रॉनिक स्विच वापरला. त्या पद्धतीत सिग्नल पेडल बंद असतानाही बफरमधून जातो. तुमच्या बोर्डावर या दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्यात आणि भांडतायत, एवढंच.

तेव्हा क्रम असा करा: गिटार, फझ, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब, अँप.

बघा काय झालं. फझ पिकअपला लगटून बसला, तो खूश. फझ बंद असेल तेव्हा गिटारचा सिग्नल त्यातून आरपार जाऊन थेट ट्यूनरच्या बफरला मिळतो, म्हणजे पिकअपवर फक्त गिटारच्या केबलचा भार. आणि वाह बफरच्या पुढे गेलं, त्यामुळे त्याचं ते १०० किलोओहमचं ओझं आता बफर उचलतो. बफरला ते जाणवतही नाही. वाहचा स्विच बदलायची गरज उरली नाही. (वाह उघडून त्यात आत-बाहेरच्या दोन्ही बाजू एकदम बदलणारा डबल पोल स्विच टाकण्याचा उपायही चालतो, पण सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर पहिला प्रयोग वाहवर करू नका.)

याचे दोन तोटे आहेत, तेही सांगतो. एक, सूर लावताना फझ बंद करायला विसरलात तर ट्यूनरचा काटा वेड्यासारखा नाचेल. दोन, वाह फझच्या आधी असताना जो आवाज येतो तो वेगळा. जिमी हेंड्रिक्स वाहमधून फझ फेसमध्ये जायचा आणि तो आवाज अनेकांच्या कानात बसलाय. फझच्या नंतरचं वाह जास्त ठसठशीत, जास्त नाट्यमय वाजतं. मला ते आवडतं. शिवाय जर्मेनियम फझच्या आधी वाह लावलं तर फझ त्याला इतकं दाबतो की पाय पुढे-मागे केला तरी फरक जेमतेम कळतो, आणि कधी कधी दोघं मिळून शीळही घालतात.

ट्रू बायपासबद्दल. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना आतला जॅक आणि बाहेरचा जॅक यांच्यात निव्वळ तार. ऐकायला छान वाटतं. पण सातही पेडलं तशी असली, तर सगळी बंद असताना तुमच्याकडे काय उरतं? एक लांबलचक केबल. गिटार केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा, वरचे सूर खातो तो हाच. गिटारपासून ६ मीटर, पॅच केबली मिळून दीड मीटर, अँपपर्यंत पुन्हा ६ मीटर: १३५० पिकोफॅरड. एका सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा इंडक्टन्स २.५ हेन्री धरला तर ६ मीटरच्या एकाच केबलवर त्याचं रेझोनन्स, म्हणजे तो सगळ्यात जोरात बोलतो ती जागा, ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतं, आणि साडेतेरा मीटरवर ते पावणेतीनपर्यंत घसरतं. गिटारची धार बरोबर या टापूत असते. म्हणून एक चांगला बफर साखळीच्या सुरुवातीला, फझच्या लगेच नंतर, असलाच पाहिजे. तो तुमच्याकडे आधीच आहे. सात-सात बफर एकामागून एक लावणंही शहाणपणाचं नाही, प्रत्येक जण थोडी थोडी फुसफुस आणतो. पण दोन-तीनने काही बिघडत नाही.

आता वीज. लोक पेडलांवर महिनोन्महिने विचार करतात आणि अडॅप्टर घरात पडलेला उचलून लावतात. आधी कळस मग पाया.

तुमच्या अडॅप्टरची क्षमता बहुधा कमी नाही. ट्यूनर ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, ओव्हरड्राइव्ह दहाच्या आत, अॅनालॉग कोरस वीसेक, फझ आणि वाह नगण्य. मोठा घास डिजिटल डिले आणि रिव्हर्बचा: मॉडेलप्रमाणे प्रत्येकी ६० पासून ३०० पर्यंत. खालच्या स्टिकरवर आकडा असतो, तो बघून बेरीज करा. बेरीज ५०० च्या आत भरली तरी शिट्टी जाणार नाही, कारण शिट्टी क्षमतेची नाही. डिजिटल पेडलमधला प्रोसेसर वीज एकसारखी ओढत नाही, झटक्याझटक्याने ओढतो. ते झटके सामाईक वायरीतून बाकीच्या पेडलांपर्यंत पोचतात, आणि ओव्हरड्राइव्हचं काम सिग्नल फुगवणं असल्याने तो हेही इमानेइतबारे फुगवतो. तपासायचं असेल तर ओव्हरड्राइव्हची पिन काढून त्यात बॅटरी घाला. शिट्टी गेली की निदान झालं.

उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, ज्यात प्रत्येक आउटपुट आतून इतरांपासून खरोखर वेगळा असतो. नुसती पाच-सहा छिद्रं असलेला डबा म्हणजे आयसोलेटेड नव्हे; कित्येक डब्यांत ती छिद्रं आतून एकाच पट्टीला जोडलेली असतात. एवढ्यात तो घ्यायचा नसेल, तर मधला मार्ग आहे: डिले आणि रिव्हर्बला एकेक स्वतंत्र अडॅप्टर द्या, बाकीची अॅनालॉग मंडळी सध्याच्या वायरीवर राहू द्या. दिसायला गबाळं, पण बहुतेकदा शिट्टी थांबते.

व्होल्ट आणि मिलिअँपिअर यांत लोक नेहमी गोंधळतात. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. मिलिअँपिअर सप्लायकडे जास्त असले तर काही बिघडत नाही, पेडल लागतील तेवढेच घेतं. ९ व्होल्टच्या पेडलला १८ दिलेत तर आतले कपॅसिटर १६ व्होल्टचे असू शकतात, आणि मग वास येतो. पिनची दिशाही बघा: बहुतेक पेडलं मध्ये उणे, बाहेर अधिक अशी असतात, पण सगळी नाहीत.

आणि तुमचे दिवे का गेले तेही इथेच कळतं. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझमध्ये पीएनपी (उलट्या दिशेने वीज लागणारे) ट्रान्झिस्टर असतात आणि त्याचा डबा, म्हणजे ग्राउंड, बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेला असतो. बाकीच्या सहा पेडलांचा डबा उणे टोकाला. पॅच केबलच्या जाळीने सगळे डबे एकमेकांना जोडलेले. एकाच अडॅप्टरवर हे दोघं आले की अधिक आणि उणे थेट भिडतात: शॉर्ट सर्किट. तुमच्या अडॅप्टरला संरक्षण होतं म्हणून तो नुसता झोपला, नशीब समजा. खरोखर आयसोलेटेड आउटपुटवर हा फझ चालतो, पिनची दिशा बघून. पण माझं ऐकाल तर त्याला बॅटरीवरच ठेवा. तो जेमतेम एखादा मिलिअँपिअर खातो, वाजवून झालं की इनपुटचा जॅक काढून ठेवला तर एक बॅटरी कित्येक महिने पुरते. जाता जाता: जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. स्टेजवरच्या दिव्यांखाली तापला की त्याचा आवाज बदलतो, सूर मध्येच तुटायला लागतात. तुमचा फझ एके दिवशी अप्रतिम आणि दुसऱ्या दिवशी रुसलेला वाटला, तर आधी तो हाताला गरम लागतोय का ते पाहा.

आवाजावरून दोष ओळखण्याची सवय लावून घ्या. उंच शिट्टी म्हणजे डिजिटल पेडल आणि सामाईक वीज. खोल घुमणारी गुणगुण, ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडला जाऊन झालेला फेरा) किंवा सिंगल कॉइल पिकअप. गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा, गुणगुण कमी-जास्त झाली तर पिकअप. ग्राउंड लूप असेल तर बोर्ड आणि अँप दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून वीज द्या. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा, त्यात जीव जाऊ शकतो. हलवल्यावर येणारी खरखर म्हणजे जॅक किंवा सोल्डर.

केबलींबद्दल मी जरा हट्टी आहे. एकदा कार्यक्रमाच्या मधोमध माझा आवाज गेला आणि मी खाली बसून एकेक पेडल दाबत राहिलो. दोष होता स्क्रूने आवळायच्या, बिनसोल्डरच्या एका पॅच केबलमध्ये. तेव्हापासून सोल्डर केलेल्याच वापरतो. आणि एकेक पेडल तपासणंही सोडलं: आता साखळीच्या मधोमध केबल काढून अँपला लावतो. आवाज आला तर दोष अँपकडच्या अर्ध्यात, नाही आला तर गिटारकडच्या. पुन्हा तो अर्धा निम्मा करायचा. सात पेडलांत तीन वेळा केलं की सापडतो.

स्वतः केबल बनवणार असाल तर एक जागा अशी आहे जिथे जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा फसतो. वरचं आवरण सोललं की तांब्याची जाळी दिसते. ती बाजूला करून पिळलीत की आत एक काळा प्लास्टिकचा थर दिसतो, आणि त्याच्या आत मधल्या तारेचं पांढरं किंवा पारदर्शक आवरण. तो काळा थर साध्या प्लास्टिकसारखा दिसतो, पण बऱ्याच गिटार केबलींत तो वीज वाहून नेणारा असतो; केबल हलली की होणारी खडखड दाबायला तो घातलेला असतो. त्याला तसाच ठेवून तुम्ही मधली तार प्लगच्या टिपला, म्हणजे टोकाला, सोल्डर केलीत आणि तो थर टिपला टेकला, तर सिग्नल हळूहळू ग्राउंडला गळतो. मीटरवर पूर्ण शॉर्ट दिसत नाही, आवाजही येतो, फक्त मेलेला. म्हणून तो थर पाच-सहा मिलिमीटर मागेपर्यंत ब्लेडने गोल खाचून काढायचा, पांढरं आवरण स्पष्ट दिसलं पाहिजे. मग सोल्डरिंग गन नव्हे, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न घ्या, आधी प्लगचं टोक तापवा, सोल्डर टोकावर वितळू द्या, आयर्नवर नव्हे. थंड झाल्यावर सांधा चकचकीत आणि तारेला धरून पसरलेला दिसावा; वर नुसता गोळा बसला असेल तर पुन्हा करा.

राहिलेल्या पेडलांचं लवकर आटोपतो. ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा ओव्हरड्राइव्ह साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापत जातो आणि मधला भाग पुढे आणतो, म्हणून एकट्याने वाजवताना तो नाकातला वाटतो आणि बॅण्डमध्ये बरोबर कापत बाहेर येतो. घरी एकट्याने बसून त्याचं टोन फिरवत बसू नका. कोरस ओव्हरड्राइव्हनंतर ठीक. डिले आणि रिव्हर्ब शेवटी, कारण घुमणारा आवाज नंतर चिरडला की गदळ होतो. तोच गदळपणा हवा असेल तर रिव्हर्ब मुद्दाम ओव्हरड्राइव्हच्या आधी लावून बघा, गुन्हा नाही. डिलेची वेळ गाण्याच्या लयीला बांधायची असेल तर ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके): १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंद, आणि त्याचा पाऊण हिस्सा ३७५, जो तुम्ही कितीतरी गाण्यांत ऐकलाय.

अँपच्या इफेक्ट्स लूपचा उल्लेख तुम्ही केलात, पण अँप कायम स्वच्छ चॅनेलवर असतो असंही लिहिलंय. मग लूपचा नाद सोडा. अँपचा स्वतःचा डिस्टॉर्शन वापरत असाल तर डिले-रिव्हर्ब त्याच्या पुढे नेण्यासाठी लूप लागतो. नाहीतर दोन लांब केबली वाढतात आणि गुणगुणीला एक दार उघडतं.

बोर्डाचा आकार शेवटी ठरवायचा. पुठ्ठ्यावर प्रत्येक पेडल ठेवून पेन्सिलीने आखा, कापा, पेडलांचे जॅक कुठल्या बाजूला आहेत त्यावर खूण करा आणि ते तुकडे जमिनीवर मांडा. जॅक कडेला असतील तर दोन पेडलांमध्ये प्लगसाठी दोन बोटांची जागा सोडा. पुठ्ठ्यावर ही जागा सगळेच विसरतात. इथे साखळीचा क्रम विसरा, पायाचा क्रम धरा. सिग्नलमध्ये फझ पहिला आहे म्हणून तो उजव्या कोपऱ्यात पुढेच हवा असं नाही. गाण्याच्या मध्ये जे दाबता ते पुढच्या ओळीत, एकदा लावून सोडून देता ते मागे. वाह मात्र कडेलाच, कारण त्याच्यावर अख्खा पाय आणि अंगाचं वजन येतं. मध्ये ठेवलंत तर शेजारचं पेडल प्रत्येक वेळी दाबलं जाईल. उभं राहून, बूट घालून, त्या पुठ्ठ्यांवर एक अख्खं गाणं वाजवा. हसू येईल, पण कुठे पाय अडतो ते लगेच कळतं.

मग सगळी खरी पेडलं महिनाभर जमिनीवर तशीच वापरा, काही चिकटवू नका. मांडणी दोन-तीनदा बदलेल. ती थांबली की त्या मापाचा बोर्ड घ्या, एका जास्तीच्या पेडलची जागा ठेवून. वेल्क्रोच्या चिकटपट्टीची खरखरीत बाजू पेडलला आणि मऊ बाजू बोर्डाला, म्हणजे बोर्डावरची पेडलं कुणाशीही बदलता येतात. पेडलखालचा सीरियल नंबरचा स्टिकर झाकू नका. विजेच्या वायरी एका कडेने न्या, सिग्नलच्या दुसऱ्या. जिथे ओलांडाव्या लागतील तिथे काटकोनात ओलांडा. केबली मापून कापा, पण प्रत्येकीला जरासा झोळ ठेवा, नाहीतर पेडल उचललं की सांध्यावर ताण येतो.

तुमच्या बाबतीत आज संध्याकाळी करण्यासारखं एवढंच: फझमध्ये बॅटरी घाला, त्याला गिटारला लागून सगळ्यात पहिला आणा, ट्यूनर त्याच्या नंतर, वाह ट्यूनरच्या नंतर. गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवून फझ चालू करा. तो निवळला तर पुढची सगळी कामं सावकाश करता येतील. नाही निवळला, तर फझच्या आत बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या विजेची पातळी ठरवणारा, छोटा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा पॉट) आहे का बघा आणि त्याची आत्ताची जागा मार्करने खूण करून मगच हलवा.